कोरफड पावसाळ्यात का कुजते?
कुंडीतील मातीच्या निचऱ्याचा विचार

कोकणातील अनेक शाळांच्या आणि कार्यालयांच्या व्हरांड्यांत कोरफड, पानफुटी, निवडुंग यांच्या कुंड्या मांडलेल्या आढळतात. उन्हाळ्यात टवटवीत असणारी ही झाडे आषाढ-श्रावणात बुंध्याशी मऊ पडतात आणि गणेशोत्सवापर्यंत कुंडी रिकामी होते. दोष पावसाला दिला जातो. रत्नागिरीत वर्षाकाठी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडत असल्याने हा समज स्वाभाविक आहे. तथापि सह्याद्रीच्या खडकाळ उतारांवर निवडुंग भर पावसातही तग धरून असतो. तेथे पाणी पडते, परंतु थांबत नाही. झाडाला मारक ठरतो तो पाऊस नव्हे, तर मुळांशी साचलेले पाणी.

मुळांचा श्वास

मुळांना हवेची गरज असते. चिकणमातीचे कण अतिसूक्ष्म असल्याने त्यांमधील पोकळ्या पाण्याने भरून जातात आणि हवा बाहेर पडते. गुदमरलेल्या मुळांवर बुरशीचा प्रादुर्भाव होतो. मांसल पानांच्या वनस्पती बहुधा रात्री पर्णरंध्रे उघडतात व पाणी फार कमी खर्च करतात. शिवाय दमट हवेत मातीतील ओलही सावकाश उडते. म्हणून कोरड्या हवेच्या सोलापुरात चालणारी माती चिपळुणात चालेलच असे नाही.

एक गैरसमज

कुंडीच्या तळाशी खडीचा थर दिल्यास निचरा सुधारतो, असे मानले जाते. वस्तुतः बारीक मातीतील पाणी ती पूर्ण भिजेपर्यंत खालच्या खडीत उतरत नाही. त्यामुळे ओलीचा थर उलट मुळांच्या जवळ येतो. छिद्रातून माती वाहून जाऊ नये म्हणून एक खापरी पुरेशी आहे. जाड कण तळाशी न घालता संपूर्ण मातीत मिसळावेत.

मिश्रण कसे करावे?

दमट प्रदेशासाठी पुढील प्रमाण सोयीचे ठरते : बागेतील माती १ भाग, पूर्ण कुजलेले शेणखत अथवा पालापाचोळ्याचे खत १ भाग, नदीची जाड वाळू २ भाग आणि विटांचे किंवा जांभ्या दगडाचे ज्वारी ते हरभऱ्याएवढे तुकडे २ भाग. तुकडे चाळून व धुऊन घ्यावेत, कारण त्यांची भुकटी पोकळ्या बुजविते. समुद्राची वाळू क्षारयुक्त असल्याने टाळावी. खत अधिक घातल्यास ओल धरून राहते.

मिश्रण ओले करून मुठीत दाबावे. मूठ उघडताच ते विस्कटले तर योग्य. घट्ट गोळा झाल्यास वाळू व तुकडे वाढवावेत. भरलेल्या कुंडीत पाणी ओतल्यावर ते पृष्ठभागावर न साचता लगेच खालून वाहू लागले पाहिजे.

कुंडी मातीची, तळाला छिद्र असलेली असावी. माती बदलण्याचे काम एप्रिल-मे महिन्यांत उरकावे. पावसाळ्यात कुंड्या विटांवर उंच, उजेडात, परंतु पागोळ्यांपासून दूर ठेवाव्यात आणि माती आतपर्यंत सुकल्याखेरीज पाणी घालू नये.

शिक्षकांनी दोन कुंड्यांत, एकीत साधी माती व दुसरीत हे मिश्रण भरून, कोरफडीची रोपे लावावीत. दोन्हींना सारखेच पाणी मिळाल्यास पावसाळ्याअखेर मुळे धुऊन पाहताना विद्यार्थ्यांना निचऱ्याचे महत्त्व प्रत्यक्ष दिसेल. शेतातील चर खोदण्यामागेही हेच तत्त्व आहे.