इलेक्ट्रिकल की कॉम्प्युटर?

प्रश्न : शेगावच्या १९८३ साली सुरू झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकायचंय. इलेक्ट्रिकल घेऊ की कॉम्प्युटर? – एक विद्यार्थिनी, खामगाव

उत्तर : आवड दोन्हींची असेल, तर इलेक्ट्रिकल घ्या आणि प्रोग्रामिंग मन लावून शिका. शेतातला सौर पंप पाहा. सूर्य ढगाआड गेला की पॅनेलची वीज घटते. कंट्रोलरमधली चिप व्होल्टेज, करंट सतत मोजून मोटरचा वेग जुळवते. तिथला प्रोग्राम लिहिणाऱ्याला मोटर कळावीच लागते. नोकऱ्या कॉम्प्युटरमध्ये जास्त, हा आक्षेप खरा आहे. पण कोडिंग घरी लॅपटॉपवरही शिकता येतं. ट्रान्सफॉर्मर, मोटरच्या चाचण्यांना प्रयोगशाळाच लागते, आणि ती चार वर्षंच हाताशी असते. मात्र भौतिकशास्त्र नकोसं वाटत असेल, तर कॉम्प्युटरच बरं.