एमएस्सी फिजिक्सला निघालेल्या भाचीला

सई, फिजिक्सला प्रवेश मिळाला हे ऐकून फार आनंद झाला. आता मावशीचं थोडं ऐकून ठेव.

पहिल्याच सेमिस्टरला क्लासिकल, क्वांटम, मॅथेमॅटिकल मेथड्स सगळं एकदम अंगावर येतं. बीएस्सीला अपेक्षित प्रश्नसंचावर निभावून जातं, इथे नाही. ग्रिफिथ्स आणि गोल्डस्टाइन स्वतःचे घे, जॅक्सन लायब्ररीतून आणलास तरी चालेल. डेरिव्हेशन समजलं असं वाटलं की पुस्तक मीट आणि कोऱ्या कागदावर पहिल्यापासून मांड. हायड्रोजनचा अणूच बघ. −13.6 इलेक्ट्रॉन व्होल्ट सगळ्यांनाच पाठ असतं. पण समीकरण सोडवताना येणारी मालिका मध्येच का तोडावी लागते, नाही तोडली तर तरंगफलन लांबवर कसं फुगत जातं आणि त्या तोडण्यातूनच n हा पूर्णांक कसा येतो, हे स्वतः काढल्याशिवाय डोक्यात बसत नाही. अडलीस तर नेमकी कुठल्या ओळीवर ते लिही आणि तीच ओळ घेऊन सरांकडे जा.

प्रॅक्टिकलबद्दल मात्र जरा सविस्तर सांगते, कारण मुलं सगळ्यात जास्त तिथेच गमावतात. सिनियरचं जर्नल उतरवू नकोस. हॉल इफेक्टला चुंबकीय क्षेत्र शून्य असतानाही मीटर थोडं व्होल्टेज दाखवतो, कारण क्रिस्टलवरचे दोन संपर्क बरोब्बर समोरासमोर नसतात. पुष्कळ जण तिकडे काणाडोळा करतात. तू क्षेत्राची दिशा उलटव, पुन्हा रीडिंग घे आणि दोन्हींच्या वजाबाकीचं निम्मं धर, म्हणजे ती चूक आपोआप गळून पडेल. क्षेत्र किती आहे हे कॉइलच्या करंटवरून ठरवू नकोस. करंट बंद केला तरी लोखंडात चुंबकत्व थोडं उरतंच, म्हणून दर वेळी गॉसमीटर लाव. जीएम काउंटरवर तर घाई नकोच. 100 काउंट घेतलेस तर अनिश्चितता 10 टक्के, 10,000 घेतलेस तर 1 टक्का. तेवढा वेळ बसायची तयारी ठेव. रीडिंग थेट वहीत, पेनने लिही. चुकलं तर एक रेघ मार, आकडा दिसू दे. पुढे कधी कधी तोच बरोबर निघतो.

नेट, सेट, गेटसाठी दुसऱ्या वर्षापर्यंत थांबू नकोस. जुन्या प्रश्नपत्रिकांमधलं रोज एखादं गणित सोडवलंस तरी पुरे. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी फेलोशिप देतात, तिचा अर्ज उन्हाळ्याच्या बराच आधी भरावा लागतो, तेव्हा दिवाळीपासूनच डोळा ठेव. नारायणगावजवळ खोडद परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आहेत. विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे प्रदर्शन भरतं, तेव्हा मैत्रिणींना घेऊन जाऊन ये. 30 ठिकाणचे सिग्नल एकत्र जुळवून एका मोठ्या दुर्बिणीचं काम कसं होतं, हे तिथल्या माणसांना विचार.

प्रोजेक्टसाठी गाईड निवडताना विषयाच्या भारदस्त नावावर भाळू नकोस. आधी त्यांच्या लॅबमधल्या पीएचडीच्या मुलांशी चहा घे. सर किंवा मॅडम आठवड्यातून किती वेळा बसतात, लिहिलेलं वाचून परत देतात का, एवढं त्यांना विचार आणि मगच नाव दे.