दोष भिंगाचा की मांडणीचा?

छायाचित्राची एक कड रेखीव व दुसरी अंधुक उमटली, की भिंगास दोष दिला जातो. परंतु कॅमेरा समोरच्या पृष्ठभागाशी किंचित तिरपा असला तरी हेच घडते, आणि निर्दोष भिंग व्यर्थ उघडले जाते. ही चूक एका साध्या प्रयोगाने टळते.

सपाट भिंतीवर वर्तमानपत्राची पाने डकवावीत. कॅमेरा भिंतीशी समांतर ठेवून, भिंगाचे छिद्र पूर्ण उघडून व मध्यावर फोकस साधून चित्र घ्यावे. मग रोख व फोकस न बदलता, कॅमेरा उलटा करून दुसरे घ्यावे. अंधुकपणा त्याच पानांवर राहिला, तर मांडणी तिरपी होती. तो विरुद्ध बाजूच्या पानांवर गेला, तर दोष कॅमेऱ्यात वा भिंगात आहे. दुसरे भिंग लावताच तो नाहीसा झाला, तर पहिल्या भिंगातील एखादी काच अक्षापासून ढळली असावी, असे समजावे.