ट्रॅक्टरच्या सायलेन्सरचा वाढलेला आवाज : कारणशोध व घरगुती दुरुस्ती

ट्रॅक्टरचा आवाज एकाएकी वाढला म्हणजे ‘यंत्र जुने झाले’ असे म्हणून पुष्कळ शेतकरी त्याकडे दुर्लक्ष करतात. वस्तुतः एंजिनातील तप्त वायू ठरलेल्या वाटेने न जाता मध्येच कोठून तरी निसटत असल्याची ती खूण होय. असा वायू कडब्याच्या गंजीजवळ किंवा उसाच्या पाचटात निसटला, तर त्याबरोबरची काजळीची ठिणगी आग लावू शकते. बंद शेडमध्ये किंवा पिकअप गाडीच्या केबिनमध्ये तो साठला, तर त्यातील कार्बन मोनॉक्साइड जीवावर बेततो. या वायूला रंग नाही, वासही नाही. डोके दुखणे, घेरी येणे व मळमळणे ही त्याच्या बाधेची लक्षणे होत. डिझेलच्या धुरात त्याचे प्रमाण पेट्रोलच्या मानाने कमी असते, पण म्हणून तो धूर निर्धोक ठरत नाही.

एंजिनाच्या सिलिंडरांतून दाबाने सुटलेला वायू प्रथम मॅनिफोल्ड नावाच्या बिडाच्या नळीत एकत्र होतो व तेथून सायलेन्सरमध्ये जातो. सायलेन्सरमधील कप्पे व सच्छिद्र नळ्या यांत ध्वनिलहरी एकमेकींवर आदळून क्षीण होतात. इंधन जळताना पाण्याची वाफही तयार होते. एंजिन थोडाच वेळ चालवून बंद केले, तर तिचे पाणी होऊन आत साचते आणि पत्रा आतून गंजू लागतो. बाहेरचा रंग शाबूत दिसला तरी त्यावर विसंबू नये, ते याचसाठी.

कारण शोधताना एंजिन थंड असावे व ट्रॅक्टर उघड्यावर, हँडब्रेक लावून उभा करावा. प्रथम आवाज ऐकावा. एंजिन सुरू करताच एंजिनाच्या बाजूने ‘टक् टक्’ असा तुटक आवाज येत असेल आणि एंजिन तापल्यावर तो कमी होत असेल, तर मॅनिफोल्डचे गॅस्केट जळालेले किंवा नट सैल झालेले असण्याचा संभव अधिक; धातू तापून प्रसरण पावतो व फट काही अंशी बुजते, म्हणून आवाज घटतो. आवाज जाड व घुमणारा असेल, तर सायलेन्सरलाच छिद्र पडले असावे. थंड सायलेन्सरवर लाकडी ठोकळ्याने हलके ठोकले असता आत खुळखुळ वाजल्यास आतील कप्पे तुटले असे समजावे. अशा सायलेन्सरला बाहेरून ठिगळ लावणे व्यर्थ आहे.

मग डोळ्यांनी पाहावे. जोडाभोवती काळ्या काजळीचा पट्टा दिसला, म्हणजे गळती तेथेच. पट्टा न दिसल्यास सांध्यांवर साबणाचे पाणी लावून एका माणसाने एंजिन सुरू करावे; गळती असेल तेथे बुडबुडे येतात. ही पाहणी पहिल्या एकदोन मिनिटांतच उरकावी, कारण मॅनिफोल्ड फार लवकर तापतो व हात भाजतो. फुसफुस एअर क्लीनरच्या नळीकडून येत असेल, तर दोष सायलेन्सरचा नव्हे. मात्र ती नळी तातडीने घट्ट करावी, नाहीतर धूळ आत जाऊन एंजिनाची झीज होते.

नट सैल असल्यास ते मधल्यापासून दोन्ही टोकांकडे, थोडेथोडे व सारख्या जोराने आवळावेत. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्री गंज सैल करणारे तेल सोडावे. अतिजोर केल्यास बिडाचे कान तुटतात. जळालेले गॅस्केट पुन्हा बसवू नये; दोन्ही पृष्ठभाग खरवडून स्वच्छ करावेत व नवे घालावे.

सायलेन्सरचे छिद्र लहान असेल, तर तारेच्या ब्रशाने गंज काढून उष्णता सोसणारी सायलेन्सरची पेस्ट भरावी, वर पत्रा गुंडाळून दोन क्लॅम्पांनी आवळावा. साधी लांबी किंवा चिकटपट्टी तापताच जळून जाते. हा उपाय हंगामाचे काही दिवस निभावण्यापुरताच आहे. छिद्राच्या कडेचा पत्रा पेचकसाने दाबताच आत जात असेल, तर वेल्डिंगही टिकत नाही. नवा सायलेन्सर घ्यावा. वेल्डिंग करावयाचेच असेल, तर बॅटरीच्या तारा आधी सोडाव्यात आणि जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वापरू नये, त्याचा धूर विषारी असतो. २०२३ पासून लागू झालेल्या धूर-मर्यादांमुळे ५० हून अधिक अश्वशक्तीच्या नव्या ट्रॅक्टरांत धूर शुद्ध करणारी उपकरणे असू शकतात. ती घरी उघडू नयेत.

सायलेन्सर काढून टाकल्यास ट्रॅक्टरची ओढ वाढते, असा एक समज काही चालकांत आहे. तसे करून हाती लागतो तो बहुतेक गोंगाटच. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० प्रमाणे शेतीच्या ट्रॅक्टरलाही सायलेन्सर असणे सक्तीचे आहे. शिवाय ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाचे ८ तास ही सुरक्षित मर्यादा मानली, तर पुढे दर ३ डेसिबलला तो काळ निम्मा होत जातो. आणि गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी चालकांना हे समजावून सांगावे.

दुरुस्तीनंतर एंजिन दहा मिनिटे चालवावे, पूर्ण थंड होऊ द्यावे व नट पुन्हा एकदा पारखावेत. उभ्या सायलेन्सरच्या तोंडावरचे झाकण हरवले असल्यास त्याच वेळी नवे बसवून घ्यावे. उघड्या तोंडातून पावसाचे पाणी थेट आत उतरते.