लॅक्सटन गांवचीं सामाईक शेतें

इंग्लंड म्हटलें म्हणजे आपल्यापैकीं पुष्कळांच्या मनांत लंडन शहर, गिरण्या व आगगाड्या एवढेंच येतें. तेथील खेडेगांवचा शेतकरी जमीन कशी कसतो हें सहसा कोणी सांगत नाहीं. म्हणून आज आम्ही नॉटिंगहॅमशायर परगण्यांतील लॅक्सटन ह्या लहान गांवाची हकीकत देतों.

ह्या गांवीं शेतकऱ्यांचीं घरें रस्त्याच्या कडेनें एकत्र आहेत व जमीन गांवाबाहेर आहे. तीन मोठीं शेतें आहेत: पश्चिमेचें, दक्षिणेचें व पवनचक्कीचें. त्यांत कुंपण नाहीं. प्रत्येक शेताचे लांबट पट्टे केलेले असून एकेका कुळाचे पट्टे तिन्ही शेतांत विखुरलेले असतात. चांगली व निकस जमीन सर्वांच्या वांट्यास यावी, ही त्यांतील न्यायबुद्धि. एका शेतांत गहूं, दुसऱ्यांत वसंत ऋतूंत पेरावयाचें पीक, आणि तिसरें पड. पुढल्या वर्षीं पाळी फिरते. पड शेतांत पूर्वीं सर्वांचीं गुरेंमेंढरें चरत व जमिनीस खत मिळे. हल्लीं तेथें चाऱ्याचें पीक घेतात.

पूर्वीं इंग्लंडांतील पुष्कळ गांवें अशींच होतीं. पुढें जमीनदारांनीं कायदे करवून सामाईक जमिनी वांटून कुंपणें घातलीं. १६०४ पासून १९१४ पर्यंत पार्लमेंटानें असे ५,२०० हून अधिक कायदे केले. त्यांखालीं सुमारें ६८ लक्ष एकर जमीन, म्हणजे देशाचा पांचवा हिस्सा आला. पीक वाढलें हें खरें. परंतु ज्या गरिबाची एक गाय सामाईक रानांत चरत असे, त्याची गाय गेली. लहान तुकडा मिळाला तरी कुंपणाचा खर्च झेपेना. तो विकून कित्येक मजूर झाले, कित्येक गिरण्यांत गेले. हें सुधारणेच्या नांवानें झालें, हें आम्हांस विशेष खटकतें.

लॅक्सटन मात्र वांचलें. सर्व जमीन एका मालकाची नव्हती व वांटणीचा खर्च मोठा होता, अशीं कारणें सांगतात. कोणाचें औदार्य त्यांत दिसत नाहीं. १६३५ सालीं मार्क पिअर्स नांवाच्या मोजणीदारानें ह्या गांवचा नकाशा केला. त्यांत एकेक पट्टा, इतकेंच नव्हे तर नांगरणारीं व कापणी करणारीं माणसेंही काढलीं आहेत. तो ऑक्सफर्ड येथील ग्रंथालयांत आहे.

आतां पंचांविषयीं. दरवर्षीं हिंवाळ्याच्या आरंभीं शेतकऱ्यांतून नेमलेले पंच गव्हाच्या शेतांत पायीं फिरतात, हद्दीच्या खुंट्या ठोकतात, आणि कोणी सामाईक वाट किंवा गवताची पट्टी नांगरून घेतली काय हें पाहतात. नंतर सुमारें आठवड्यानें गांवच्या खाणावळींत न्यायसभा भरते. दंड अगदीं क्षुल्लक असतो. पण शेजाऱ्यांच्या देखत आपलें नांव पुकारलें जावें, हाच आमच्या मतें खरा दंड. १९७७ सालीं कायद्यानें अशा जुन्या ग्रामसभांचा न्यायाधिकार काढून घेतला, तेव्हां लॅक्सटनच्या सभेस त्यांतून वगळिलें.

गांवाचा मालक अर्ल मॅन्व्हर्स ह्यानें १९५२ सालीं जमीन सरकारच्या शेतकी खात्यास विकली, ती ही पद्धति राखावी म्हणून. १९८१ सालीं ती राजघराण्याच्या मालमत्तेच्या खात्याकडे गेली, आणि २०२० सालीं थोर्सबी इस्टेटीनें विकत घेतली. ही इस्टेट त्या मॅन्व्हर्स घराण्याचीच. मालक बदलले, परंतु पंचांचें फिरणें थांबलें नाहीं. पट्टे मात्र पूर्वींपेक्षां पुष्कळ कमी व रुंद झाले आहेत, कारण यंत्राच्या नांगरास अरुंद पट्ट्यांत वळतां येत नाहीं.