दुखणारी बराई

ज्युदोच्या क्लबात नवी बॅच सुरू होऊन पंधरवडा झाला की मुलांच्या नडग्या बघाव्यात. काळ्यानिळ्या झालेल्या असतात. देआशी बराई, म्हणजे समोरच्याचा पुढे येणारा पाय झाडून त्याला पाडायचा डाव, शिकवायला घेतलेली असते आणि प्रत्येकाला वाटत असतं, समोरच्याचा पाय लाथेनं उडवायचा म्हणजे झाली बराई. पालक काळजीनं विचारतात, तेव्हा बहुतेक ठिकाणी उत्तर ठरलेलं: खेळ म्हटला की लागायचंच. मला ते पटत नाही. बाकीच्या डावांचं माहीत नाही, पण बराईत दुखलं तर डाव चुकला, असं खुशाल समजावं. नीट बसलेली बराई खाणाऱ्याला पायाला काही लागल्याचं कळतही नाही. अंधारात जिना संपला असं समजून पाऊल टाकावं आणि खाली अजून एक पायरी निघावी, तसं होतं. पुढच्या क्षणी पाठ मॅटवर.

हे मी गुडघा देऊन शिकले. रांदोरीत, म्हणजे मोकळ्या लढतीच्या सरावात, माझ्याहून बऱ्याच वजनदार जोडीदारानं बराई मारली. माझा उजवा पाय पक्का रोवलेला होता, सगळं वजन त्यावर होतं, आणि त्याचं पाऊल घोट्याऐवजी गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूवर आदळलं. तळवा जागचा हलेना, म्हणून गुडघाच आत वाकला. एक्स-रे स्वच्छ आला तेव्हा क्लबातले म्हणाले, चला, काही झालं नाही. लिगामेंट एक्स-रेत दिसत नाही. आतल्या बाजूचं लिगामेंट ताणल्याचं एमआरआय काढल्यावर समजलं आणि पुढचे काही महिने मॅटच्या कडेला खुर्चीवर बसून काढावे लागले.

खुर्चीवर बसून करणार काय, मी पाय बघत राहिले. माझ्या जोडीदाराचं काय चुकलं होतं ते तिथं उमगलं. त्याला उशीर झाला होता. पाय एकदा टेकला, त्यावर वजन आलं, की तो झाडला जात नाही. झाडला जात नाही म्हणून मारणारा जोर वाढवतो, जोर वाढवला की त्याचा पाय वर उचलला जातो, आणि घोट्याचा नेम नडगीवर किंवा गुडघ्यावर जातो. म्हणजे उंचीची चूक मुळात वेळेची चूक असते. उलट घाई केली, समोरच्याचं पाऊल अजून पुरतं हवेत असतानाच झाडलं, तर तो आरामात दुसरीकडे पाय टाकतो. नेमकी वेळ या दोहोंच्या मधली: पाऊल मॅटला लागतंय, वजन त्याच्याकडे निघालंय, पण पोचलेलं नाही.

ही वेळ डोळ्यांनी पकडता येत नाही. खाली बघितलं की आपली मान वाकते, पाठोपाठ कंबर मागे जाते आणि समोरच्याला आपला बेत कळतो. ही खबर हातातून येते. समोरचा उजवा पाय पुढे टाकतो तेव्हा त्याचा उजवा खांदा किंचित पुढे सरकतो आणि तुमच्या डाव्या मुठीतली बाही सैल पडते. तो सैलपणा ओळखायला शिकणं हीच बराईची निम्मी तालीम. मूठ करकचून आवळणाऱ्याला तो कधीच जाणवत नाही. दमलेला माणूस कसा चालतो तेही मी कडेला बसून पाहिलं. त्याची पावलं लांब पडतात, टाच आधी टेकते, कधी पाय एकमेकांजवळ येतात. ताज्या दमाचा खेळाडू मात्र मॅटवर तळवे घासत छोटी पावलं टाकतो, त्याच्यावर बराई फार क्वचित मिळते. मिळत नसेल तर मारू नये, एवढं साधं आहे.

आता पायाचं. उजव्या पकडीत समोरच्याचा पुढे येणारा उजवा पाय आपण डाव्या पायानं झाडतो. त्यासाठी आपला तळवा आत वळवून उभा करायचा, म्हणजे करंगळीकडची कड मॅटलगत सरकते. बोटं आखडून घ्यायची. तळव्याचा मऊ भाग त्याच्या घोट्याच्या हाडाखाली, टाचेच्या बाजूला लागतो. पायाची धार किंवा नडगी लावली की हाडावर हाड आपटतं, आणि तेव्हा दोघंही लंगडतात. झाडायचं ते त्याचं पाऊल ज्या दिशेला निघालंय त्याच दिशेला, त्याला आणखी थोडं पुढे पाठवल्यासारखं. आपला गुडघा फारसा न वाकवता कंबर पुढे नेली की सगळ्या शरीराचं बळ त्या तळव्यात उतरतं. नुसत्या पोटरीच्या ताकदीवर मारलेल्या बराया नडग्या फोडण्याच्याच कामाच्या.

डावा हात त्याच क्षणी बाही खाली, आपल्या कंबरेकडे ओढतो आणि उजवा हात कॉलर धरून त्याला त्याच बाजूला कलंडवतो. बऱ्याच मुलांचा पाय वेळेवर जातो, पण हात विसरतात. मग समोरचा एका पायावर लंगडत उभा राहतो आणि चिडून मुलं दुसऱ्यांदा लाथ घालतात. ही दुसरी लाथच सगळ्यात वाईट, कारण आता त्याचं सगळं वजन एकाच पायावर आलेलं असतं. पहिली हुकली की पाय परत घ्या आणि पुढच्या पावलाची वाट बघा.

ज्युदोची मूळ संस्था असलेल्या कोदोकानच्या 1920 च्या क्रमवारीत, म्हणजे गोक्योच्या पहिल्या गटात, देआशी बराई पहिल्या क्रमांकावर आहे. त्यामुळे अनेक शिक्षक ती पहिल्याच आठवड्यात घेतात. यादीत पहिला म्हणून डाव सोपा होत नाही. माझ्या मते पडणं पक्कं होईपर्यंत बराई जोरात मारू देऊ नये, कारण ती अचानक बसते आणि पडणाऱ्याला तयारीला वेळच मिळत नाही. हनुवटी छातीशी, नजर स्वतःच्या पट्ट्याकडे, हात शरीरापासून थोडा दूर तळव्यासह सपाट आपटायचा. तोल जाताच मागे हात टेकवायचा मोह प्रत्येकाला होतो. मनगट, कोपर आणि खांद्याजवळचं हाड मोडतं ते त्याच हातानं. मारणाऱ्याचं काम डाव बसल्यावरही संपत नाही. बाही शेवटपर्यंत सोडायची नाही, उलट शेवटी किंचित वर ओढायची, म्हणजे पडणारा कुशीवर येतो आणि त्याचं डोकं उचललेलं राहतं. त्याच्या अंगावर कोसळायचं नाही, हे सांगायलाही नको. पण सांगावं लागतं.

तालमीतून आलेल्या मुलांची गोष्ट वेगळी. कोल्हापूरकडच्या एका मुलाला टांग मारायची इतकी सवय होती की बराईची वेळ त्याला आमच्या सगळ्यांच्या आधी सापडली. पडायला मात्र तो तयार नसे. पाठ लागली म्हणजे चितपट, हे लाल मातीनं त्याच्या अंगात भिनवलेलं. उचलला की तो डोक्यावर पूल करायचा. कुस्तीत पूल करून पाठ वाचते, ज्युदोत तसं करून काही मिळत नाही. स्पर्धेच्या नियमात पुलावर पडलेल्याविरुद्धही इप्पोन, म्हणजे लढत संपवणारा पूर्ण गुण, देतात, कारण हा नियम मान वाचवण्यासाठी आहे. सरावात पाठ लागली तर कोणी हरत नाही, हे त्याच्या गळी उतरवायला आमच्या सरांना फार दिवस लागले.

डोक्याच्या बाबतीत जपानचा अनुभव प्रत्येक क्लबानं माहीत करून घ्यावा. तिथं 1983 पासूनच्या तीन दशकांत शाळांमधल्या ज्युदोत शंभराहून जास्त मुलं दगावली. त्यातली बरीच नवखी होती आणि अनेकांचा जीव डोकं आपटून कवटीच्या आत झालेल्या रक्तस्रावानं गेला. मागे आडवं पाडणाऱ्या ओसोतो गारीचं नाव त्यात पुन्हा पुन्हा आलं. 2012 मध्ये तिथल्या माध्यमिक शाळांत युद्धकला सक्तीच्या झाल्या, तेव्हा या आकड्यांवर मोठी चर्चा झाली. बराईत धोका त्या मानानं कमी, तरी डोकं आपटलं तर त्या दिवशी सराव बंद. डोकेदुखी वाढली, उलटी झाली, मूल झोपाळू किंवा गोंधळलेलं वाटलं तर बर्फ लावत न बसता थेट हॉस्पिटल गाठा.

सरावाला लागताना आधी एकट्यानं मॅटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तळवा उभा करून घासत जा. मॅटच्या जोडात फट असेल तर ती आधी बुजवा, कारण फटीत बोट अडकलं की नख उपटतं किंवा करंगळी मोडते. नखं कापलेली हवीतच. मग जोडीदाराला सावकाश चालायला सांगा आणि पाडण्याचा विचार न करता तळवा फक्त वेळेवर लावा. दर वेळी त्याला विचारा, "कुठं लागलं?" त्यानं नडगी दाखवली तर तुम्ही उशिरा आलात किंवा तळवा वळलेला नाही. त्यानं गुडघा दाखवला तर तिथंच थांबा. त्यानं "लागलंच नाही, पण तोल गेला" म्हटलं की वेग वाढवा. आधी आपल्याच वजनाच्या माणसाबरोबर, रांदोरीत त्यानंतर.

आणि एवढं जमायला लागलं की जोडीदारालाही तुमची वेळ कळायला लागते. तो तुमचा तळवा येताना बघतो, गुडघा वाकवून पाय अलगद वर घेतो आणि तुमचा हवेत निघालेला पाय तुमच्याच दिशेनं झाडून देतो. याला त्सुबामे गाएशी म्हणतात. तेव्हा आपण मारणार आहोत म्हणून हनुवटी सैल सोडू नका, पडणं तुमच्याही वाट्याला येऊ शकतं.