चोरून खाण्याचा आजार आणि सोबतीचा आधार



दिवसभर उपाशी राहिलेले जनावर ओल्या लसूणघासात शिरले तर काय होते, हे आपणांस ठाऊक आहे. ते थांबत नाही, पोट फुगते, वेळीच उपाय झाला नाही तर दगावते. म्हणून आपण आधी सुका कडबा घालतो, मग हिरवे. त्या जनावराला हावरे म्हणून कोणी मारीत नाही. माणसाला मात्र आपण तेच करतो.

एखादी व्यक्ती पंक्तीत अर्धी भाकरी खाऊन उठते आणि रात्री सगळे निजल्यावर स्वयंपाकघरातले डबे रिकामे करते. भूक नसते, चव कळत नाही, पण हात थांबत नाही. मग लाज वाटते. कोणी घशात बोटे घालून ओकून टाकतो, कोणी दुसरा सबंध दिवस उपाशी काढतो. आठवड्यातून एकदा तरी, असे तीनेक महिने चालले तर डॉक्टर त्याला आजार म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगसूचीत त्याची स्वतंत्र नोंद आहे. ‘खाण्याचे व्यसन’ हे नाव त्या सूचीत नाही, त्याविषयी तज्ज्ञांत वाद आहे. पण भोगणाऱ्याला त्या वादाचे काय! हा त्रास पुरुषांनाही होतो आणि अंगाने बारीक असलेल्यांनाही होतो.

याचे मूळ पुष्कळदा उपाशी राहण्यात असते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. युद्धात उपासमार झालेल्यांना पुन्हा कसे खाऊ घालावे, हे त्याला शोधायचे होते. हातात शस्त्र घेणे विवेकाला पटत नाही म्हणून सैन्यात न गेलेले हे तरुण होते. निश्चयाचे बळ त्यांच्यापाशी कमी नव्हते. सहा महिने त्यांनी अर्धपोटी काढले. त्यांना रात्रंदिवस अन्नच सुचू लागले, कोणी पाककृती जमवू लागले, कोणी ताटे चाटू लागले. पुढे पोटभर मिळू लागल्यावरही काहींचे खाणे कित्येक आठवडे आवरेना. अशा माणसांची ही गत, तर आपल्या घरातल्या मुलीला “मन घट्ट कर” एवढेच सांगून कसे भागेल?

म्हणून उपचाराची सुरुवात नेमाने खाण्यापासून होते. तीन जेवणे, मध्ये दोन-तीन वेळा थोडे काही, आणि तीन-चार तासांपेक्षा जास्त खंड नाही. सकाळी ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी चुकवायची नाही, रात्री कितीही खाल्लेले असो. काय खाल्ले, केव्हा खाल्ले, मनात काय चालले होते, हे वहीत लिहायचे. ही वही डॉक्टर किंवा समुपदेशक पाहतात आणि त्यावर आठवड्याच्या आठवड्याला बोलणे होते. काहींना औषधही लागते, ते डॉक्टर ठरवतील.

हे एकट्याने जमणे कठीण. हा आजार लपवण्यावरच जगतो. एका तरी माणसाला सांगावे, आणि सांगण्यासाठी माणूस पारखून घ्यावा. सासू, थोरली जाऊ, भाऊ, सिस्टर, कोणीही. मात्र ती गोष्ट चावडीवर नेणारे नको. (पापनिवेदनात आम्ही ऐकतो ते कोठेच सांगत नाही, या पानावरही नाही.) ज्याला सांगितले त्याने उपदेश करू नये, डब्यांना कुलूप लावू नये, “जाड झालीस”, “बारीक झालीस” असे काहीच बोलू नये. ताट घेऊन शेजारी बसावे, जेवणानंतर अर्धा-पाऊण तास गप्पा माराव्या किंवा शेंगा सोलायला घ्याव्या. ओकण्याची ऊर्मी त्याच वेळी जोरात येते. एखाद्या रात्री पुन्हा घडले तर सकाळची न्याहारी नेहमीसारखीच वाढावी.

समदुःखी लोकांच्या सभाही असतात. दारूच्या व्यसनातून सुटू पाहणाऱ्यांची जी चळवळ १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झाली, तिच्याच बारा पायऱ्या घेऊन १९६० मध्ये लॉस एंजेलिस येथे खाण्याच्या त्रासासाठी ‘ओव्हरईटर्स ॲनॉनिमस’ ही संघटना निघाली. तेथे फी नाही, पूर्ण नावही विचारीत नाहीत. तेथली सोबत मोलाची; पण ती डॉक्टरची जागा घेत नाही, आणि अमुक पदार्थ जन्मभर वर्ज्य असे कोणी सांगू लागला तर आधी डॉक्टरांना विचारावे.

आता डॉक्टर कोठे? धारवाडचे मानसिक आरोग्याचे सरकारी इस्पितळ, म्हणजे आजचे डिमहान्स, १८४५ पासूनचे आहे. “तुला धारवाडला धाडायला हवे” ही थट्टा आपल्या भागात सर्रास चालते, आणि त्या थट्टेपायी किती आजारी माणसे दाराशी येऊन परतली असतील! आम्हांस ती थट्टा मुळीच आवडत नाही. हुबळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळातही, ज्याला लोक अजून किम्स म्हणतात, जाता येते. घराबाहेर पडण्याचे धैर्य होत नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक फिरवावा. सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेली ही सेवा रात्रंदिवस आणि मोफत आहे. कन्नडप्रमाणे मराठीतही बोलता येते.

काही लक्षणांत मात्र थांबू नये. वारंवार ओकल्याने अंगातले पोटॅशियम घटते आणि हृदयाचे ठोके बिघडतात. चक्कर, छातीत धडधड किंवा ओकारीत रक्त दिसले तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. बरेच दिवस जवळजवळ काहीच न खाल्लेल्याला एकदम भरपूर वाढू नये, त्यानेही जिवाला धोका होतो. मधुमेहाचे इन्सुलिन घेणाऱ्याने वजनासाठी ते चुकवणे तर फारच घातक.

प्रायश्चित्तकाळाविषयी पुष्कळजण विचारतात. चर्चचा बंधनकारक उपवास वर्षातून दोनच दिवस, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, तोही १८ ते ५९ वर्षांच्या निरोगी माणसांना. या आजाराच्या माणसाने उपवास धरू नये. त्याने त्या दिवशी तिन्ही वेळा जेवावे आणि दुसरे एखादे सेवेचे काम करावे. घरचे कोणी नाक मुरडत असतील तर त्यांना आमच्याकडे पाठवावे, आम्ही बोलू.

पहिल्या भेटीला जाताना आठवडाभराची वही आणि चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटे न्यावीत. सोबत जाणाऱ्याने डॉक्टरांशी आपणच बोलत सुटू नये; बाहेर बाकावर थांबावे, आणि परतताना दोघांनी मिळून काही खावे.